पाणी मुरत नाही तिथे

शाळेतला एक प्रयोग बहुतेकांना आठवत असेल. परीक्षानळीत चुन्याची निवळी घ्यायची आणि काचेच्या नळीने त्यात फुंकायचं. थोड्याच वेळात निवळी दुधाळ होते. बाई सांगायच्या, ‘उच्छ्वासात कार्बन डायऑक्साइड असतो, हे सिद्ध झालं.’ वहीत निरीक्षण, अनुमान, सुबक आकृती, आणि तास संपायचा.

खरी गंमत त्यानंतर होती आणि ती आम्हाला कुणी दाखवली नाही. दुधाळ झाल्यावरही गाल दुखेपर्यंत फुंकत राहिलं, तर नळीतला पांढरेपणा हळूहळू विरतो आणि पाणी पुन्हा नितळ होतं. सगळा चुना पाण्यात गडप. आता तीच नळी दिव्यावर धरून तापवा, की वायू उडून जातो आणि पांढरा साका पुन्हा तळाशी बसतो. मी हा प्रयोग पहिल्यांदा पूर्ण केला तेव्हा पन्नाशी ओलांडली होती, स्वयंपाकघरात काचेच्या ग्लासात, शीतपेयाची नळी घेऊन. निवळीसाठी पानाच्या डबीतला चुना वापरला. पंचवीस मिनिटं लागली आणि डोकं गरगरलं. पण हे पुस्तक ज्या प्रदेशांविषयी आहे ते सगळे त्या ग्लासात होते. दुधाळ झाली तो चुनखडक, नितळ झाली ती गुहा, आणि पुन्हा बसलेला साका म्हणजे गुहेच्या छताला लोंबणारे पांढरे सुळके.

निसर्गात फुंकायचं काम माती करते. हवेत कार्बन डायऑक्साइड जेमतेम 0.04 टक्के असतो. पण मुळं श्वास घेत असतात, पालापाचोळा कुजत असतो, त्यामुळे मातीच्या पोकळ्यांत तो टक्क्याच्या घरात जाऊ शकतो. पावसाचं पाणी त्या मातीतून उतरताना वायू पिऊन घेतं आणि किंचित आंबट होतं. सोडावॉटरपेक्षाही कितीतरी सौम्य, जिभेला कळणारही नाही असं. खाली चुनखडक असेल तर हे पाणी त्याच्या भेगेभेगेतून थोडा थोडा खडक विरघळवून नेतं. केसाएवढी भेग बोटाएवढी होते. मग जी भेग रुंद तिच्यातून जास्त पाणी, आणि जास्त पाणी म्हणून ती आणखी रुंद. शेजारच्या भेगा तशाच उपाशी राहतात. हजारो वर्षांनी त्या खडकात मोजके मोठे नळ तयार होतात. माणूस आत शिरू शकेल एवढा नळ झाला की आपण त्याला गुहा म्हणतो. पाण्याच्या दृष्टीने तिच्यात आणि बोटाएवढ्या नळात फरक नाही.

इथे मराठी वाचकाला थांबवून एक गोष्ट सांगायला हवी. आपल्याकडे गुहा म्हटलं की डोळ्यांसमोर अजिंठा, कार्ले, घारापुरी येतात. त्या गुहा नव्हेत, ती लेणी. माणसांनी छिन्नी-हातोड्याने काळ्या पाषाणात कोरलेली. महाराष्ट्राचा सुमारे ऐंशी टक्के भाग या काळ्या पाषाणाने, म्हणजे बेसॉल्टने व्यापला आहे आणि बेसॉल्ट पाण्यात असा विरघळत नाही. त्यामुळे भूजलाबद्दलची आपली सगळी समज, आपले शब्द, आपल्या म्हणी बेसॉल्टने घडवल्या आहेत. विहीर खणताना आधी माती, मग मुरूम, मग मांजऱ्या आणि त्याखाली कातळ. मांजऱ्यातून पाझर फुटतो. पाणी ‘मुरतं’, ‘झिरपतं’, ‘पाझरतं’. ‘कुठेतरी पाणी मुरतंय’ असं आपण संशयाने म्हणतो तेव्हासुद्धा मनात तेच चित्र असतं: कुठे जातं ते दिसत नाही, पण जातं हळूच. आणि मुरलेलं पाणी स्वच्छ, ही आपली पिढीजात श्रद्धा. मातीने गाळलं, खडकाने गाळलं, विहिरीत आलं ते तीर्थ.

चुनखडकाच्या प्रदेशात पाणी मुरत नाही. ते पळतं. हे एक वाक्य वाचकाच्या मनात रुजावं म्हणून ही लांबलचक प्रस्तावना आहे.

किती पळतं, याचा हिशेब एका भांडणातून मिळाला. दक्षिण जर्मनीत डॅन्यूब नदी अजून लहान असते तेव्हा इमेंडिंगेन गावाजवळ तिच्या पात्रातलं पाणी तळातल्या भेगांत उतरून नाहीसं होतं. कोरड्या दिवसांत तर नदीच संपते, उरतात पांढरे गोटे. खालच्या अंगाच्या कारखानदारांना पाणी हवं होतं. त्यांना त्या भेगा बुजवायच्या होत्या. दक्षिणेला आख नावाचा प्रचंड झरा आहे, दर सेकंदाला सरासरी आठ हजार लिटरांहून जास्त पाणी देणारा, जर्मनीतला सर्वांत मोठा. त्या पाण्यावर गिरण्या चालत. गिरणीवाल्यांना वाटलं, आपलं पाणी तेच असणार, भेगा बुजवू देऊ नका. पण ‘तेच’ कशावरून? 1877 मध्ये भूगर्भशास्त्रज्ञ आडोल्फ क्नोप यांनी भेगांत टनांनी मीठ, खडकातून काढलेलं तेल आणि 10 किलो फ्लुरोसीन नावाचा रंग ओतवला. साठ तासांनी बारा किलोमीटरांवरचा आख झरा चमकदार हिरवा झाला, खारट लागू लागला आणि त्याला तेलाचा वास येऊ लागला. म्हणजे जमिनीखाली, अंधारात, ताशी 200 मीटर. आपल्या पाझराला एवढं अंतर कापायला कित्येक पिढ्या लागतील.

गिरणीवाले जिंकले म्हणायचे, पण भांडण मिटलं नाही. डॅन्यूब काळ्या समुद्राला जाते आणि आखचं पाणी ऱ्हाइनला मिळून उत्तर समुद्राला. तेव्हा एका नदीचं पाणी दुसरी नदी जमिनीखालून पळवते आणि त्याचा न्याय कोणी करायचा, हा प्रश्न 1927 मध्ये थेट जर्मनीच्या राज्यांमधल्या तंट्यांच्या न्यायालयात गेला. पाणीतंट्यांवर काम करणारे वकील तो निकाल आजही चाळतात. कृष्णा आणि गोदावरीच्या लवादांची सवय असलेल्या आपल्याला यात नवल वाटू नये. पण आपल्या तंट्यांत निदान नदी कुठून कुठे जाते याबद्दल तरी एकमत असतं.

रंग ओतून झऱ्याची वाट पाहणं ही या शास्त्राची मूळ रीत. कधी कधी अपघातच ते काम करतो. ऑगस्ट 1901 मध्ये फ्रान्समधल्या पाँतार्लिए गावात ॲबसिंथ या मद्याच्या कारखान्यावर वीज पडून आग लागली. स्फोट होऊ नये म्हणून टाक्या रिकाम्या केल्या आणि मद्य दू नदीत गेलं. दोन दिवसांनी लू नावाच्या दुसऱ्याच नदीच्या उगमापाशी त्याचा वास दरवळू लागला. लूचा उगम म्हणजे दूचंच पळालेलं पाणी, हे तेव्हा कळलं.

मला मात्र त्याआधीची एक घटना जास्त महत्त्वाची वाटते. एदुआर्द-आल्फ्रेद मार्तेल हे पेशाने वकील. पण सुट्ट्या दोराच्या शिड्यांवर लोंबकळत विवरांत उतरण्यात घालवायचे. गुहाशास्त्राचे जनक म्हणून आज त्यांचंच नाव घेतलं जातं. 1891 मध्ये दक्षिण फ्रान्समध्ये एका डोंगराच्या पायथ्याशी ते झऱ्याचं पाणी प्यायले. थंडगार आणि स्फटिकासारखं. मग ते आजारी पडले. वरच्या पठारावरच्या विवरात उतरल्यावर कारण सापडलं: तळाशी पाण्यात कुजलेलं वासरू पडलं होतं. त्या भागातले शेतकरी मेलेली जनावरं विवरात टाकत. त्यात वाईट हेतू कुणाचाच नव्हता. खोल खड्डा, नजरेआड झालं की संपलं. नितळ पाण्यात वासराचा माग दिसत नव्हता, पण त्याला गाळणारं मध्ये काहीच नव्हतं. विवर, नळ, झरा, तोंड. मार्तेल पुढे वर्षानुवर्षं या प्रश्नामागे लागले आणि 1902 च्या फ्रेंच सार्वजनिक आरोग्य कायद्यात विवरांत मेलेली जनावरं टाकण्यावर बंदी आली.

झऱ्याचं पाणी शुद्ध असतं, ही समजूत आजही बाटलीच्या वेष्टनावर डोंगराचं चित्र काढून विकली जाते. त्यात सगळंच खोटं नाही. व्हिएन्ना शहर 1873 पासून आल्प्समधल्या चुनखडकाच्या झऱ्यांचं पाणी पितं आणि ते उत्तम आहे. पण त्यासाठी त्या शहराने झऱ्यांमागचे डोंगरच राखून ठेवले आहेत. जगातली साधारण दहा टक्के माणसं अशा पाण्यावर जगतात. व्हिएन्नाएवढी काळजी घेणं फार थोड्यांना जमलं आहे.

या सगळ्याला जगभर ‘कार्स्ट’ म्हणतात. ते मुळात एका जागेचं नाव. इटलीतलं त्रिएस्ते बंदर आणि स्लोव्हेनिया यांच्यामधलं खडकाळ, तहानलेलं पठार. स्लोव्हेनियन भाषेत क्रास, जर्मनात कार्स्ट. सर्बियाचे भूगोलज्ञ योवान स्वियिच यांनी 1893 मध्ये आपला प्रबंध छापला आणि एका पठाराचं नाव एका प्रकारच्या भूमीचं नाव झालं. त्या पठाराच्या काठावर रेका नावाची नदी श्कोत्सियानच्या गुहांत शिरते. सुमारे 40 किलोमीटर ती कुणाला दिसत नाही, आणि समुद्राजवळ तिमावो नावाने वर येते. रोमन लोकांनाही तिमावोचे झरे ठाऊक होते.

एकोणिसाव्या शतकात त्रिएस्ते वाढलं आणि पाणी पुरेना. आंटोन लिंडनर नावाच्या माणसाचं म्हणणं होतं की नदी आपल्या पायाखालीच आहे. पुराच्या वेळी पठारावरच्या काही भेगांतून वारा सूं-सूं करत बाहेर येतो, तो नदीच ढकलत असणार. खाली पाणी चढलं की हवेला जागा उरत नाही. त्यांनी खाणकामगार लावले, वाऱ्याची भेग धरून एकाखाली एक विवर मोकळं करत गेले आणि अकरा महिन्यांनी, एप्रिल 1841 मध्ये, 329 मीटर खोलीवर एका प्रचंड दालनात खरोखरच नदी वाहताना सापडली. बरीच वर्षं ती जगातली सर्वांत खोल ज्ञात गुहा होती. पण नदी जवळपास समुद्राच्याच पातळीवर होती. तिथून पाणी वर चढवणं त्या काळी परवडणारं नव्हतं. लिंडनर त्याच वर्षी वारले. शहराला त्या विवरातून एक थेंब मिळाला नाही. शोध शंभर टक्के बरोबर आणि उपयोग शून्य, अशी कामं करणाऱ्या सर्वांबद्दल मला आपुलकी आहे. आपल्याकडे पाणाड्याला पाणी लागलं की नारळ मिळतो. लिंडनरना पाणी लागूनही काही मिळालं नाही.

आता जवळ येऊ. गडचिरोलीच्या पलीकडे बस्तर आणि बस्तरात जगदलपूरजवळ कांगेर खोऱ्याचं राष्ट्रीय उद्यान. तिथे कुटुमसर नावाची चुनखडकातली गुहा आहे. शंकर तिवारी यांनी 1950 च्या दशकात तिचा नीट अभ्यास केला. पावसाळ्यात पाणी भरतं म्हणून ती बंद असते. मी गेलो तो जानेवारीत. तोंड एवढं अरुंद की खांदे तिरके करूनच उतरावं लागलं. आत ऊब होती, कपडे अंगाला चिकटत होते आणि चष्म्यावर सारखं धुकं. वाटाड्याने कंदील एका डबक्याच्या कडेला ठेवला. पाणी इतकं स्थिर की ते आहे हेच कळेना. मी पाय टाकणार तोच त्याने दंडाला धरलं. मग बोटाएवढं काहीतरी फिकट, गुलाबी पांढरं, तळाच्या चिखलावरून सरकलं. कंदिलाच्या उजेडाकडे त्याने जराही लक्ष दिलं नाही. डोळ्यांच्या जागी नुसते बारीक ठिपके.

या माशाचं शास्त्रीय नाव वाचून मी परत आल्यावर हसलो. इंडोरिओनेक्टिस एव्हझार्डी. 1872 मध्ये फ्रान्सिस डे यांनी ही जात वर्णन केली ती पुण्याच्या नमुन्यांवरून, आणि एव्हझार्ड हे त्यांना पुण्याचे मासे मिळवून देणारे लष्करी अधिकारी. सह्याद्रीतल्या ओढ्यांत गोट्यांखाली दडणारा, चांगले डोळे असलेला, अंगावर पट्टे मिरवणारा हा मासा. कुटुमसरमधले मासे त्याच जातीचे म्हणून ओळखले गेले. पिढ्यानपिढ्या अंधारात राहून त्यांचे डोळे आणि रंग झडले. मुळा-मुठेच्या माशाचा आंधळा भाऊबंद बस्तरच्या गुहेत राहतो, ही गोष्ट पुणेकरांना सांगितली की त्यांना आधी अभिमान वाटतो, आणि मग ते विचारतात की मुठेत तो अजून आहे का.

भारतातला खरा कार्स्ट मात्र मेघालयात. खासी भाषेत गुहेला ‘क्रेम’ म्हणतात. जैंतिया टेकड्यांमधली क्रेम लियात प्राह तीस किलोमीटरांहून लांब, देशातली सर्वांत लांब. 1990 च्या दशकापासून मेघालय ॲडव्हेंचरर्स असोसिएशनची मंडळी परदेशी गुहाशोधकांबरोबर दर हिवाळ्यात चिखलात लोळून फीत धरून या गुहा मोजत आली आहेत. जैंतियाच्याच एका गुहेत चाळीस सेंटिमीटरांहून लांब वाढणारा, महसीराच्या नात्यातला आंधळा मासा सापडला. 2023 मध्ये त्याला तिथल्या प्नार लोकांच्या नावावरून निओलिसोकायलस प्नार असं नाव मिळालं. गुहेतल्या माशांत याहून मोठा जगात ज्ञात नाही.

सोहरा, म्हणजे आपल्या भूगोलाच्या पुस्तकातलं चेरापुंजी. तिथे ऑगस्ट 1860 ते जुलै 1861 या बारा महिन्यांत 26,461 मिलिमीटर पाऊस पडला. त्याच सोहऱ्यात हिवाळ्यात बाया पाण्यासाठी डोंगर उतरतात. ‘सर्वाधिक पावसाचं गाव तहानलेलं’ अशा मथळ्यांचा मला कंटाळा आला आहे, कारण त्यात आश्चर्य संपतं तिथेच लेख संपतो. पठाराच्या कडा उभ्या, माती धुपून पातळ झालेली, काही भागात खाली चुनखडक. पाणी थांबायला जागाच नाही. पडतं आणि सिलहटच्या मैदानात पळतं.

सोहऱ्याजवळच्या क्रेम मॉम्लुहमधल्या एका ऊर्ध्वमुखी लवणस्तंभाने तर काळालाच नाव दिलं. हा स्तंभ थेंबाथेंबाने थरावर थर चढवत वाढतो, आणि थरांतल्या ऑक्सिजनच्या प्रकारांवरून त्या त्या काळातला पाऊस कळतो. सुमारे 4,200 वर्षांपूर्वी पावसाने ओढ दिली, एखाद-दोन वर्षं नव्हे तर पिढ्यानपिढ्या, हे त्या थरांत लिहिलं होतं. 2018 मध्ये भूवैज्ञानिकांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने तिथून आजपर्यंतच्या काळाला ‘मेघालयन’ हे नाव मान्य केलं. आपण सगळे मेघालयन युगात जगतो आहोत. अशा स्तंभाला शंभर वर्षांत सेंटीमीटरभर वाढायलाही बऱ्याचदा जमत नाही. आठवण म्हणून तोडून नेणाऱ्याला तीन सेकंद लागतात.

जैंतियातच लुखा नदी हिवाळ्यात निळी पडते. निळी म्हणजे कपड्यांच्या निळीसारखी. मासे मरतात. वरच्या अंगाच्या कोळसा खाणींतून येणारं आम्लधर्मी पाणी चुनखडकाच्या पाण्याला भेटतं, याकडे अभ्यासकांनी बोट दाखवलं आहे. खाणीवाल्यांना यातलं काहीच दिसत नाही, कारण पाणी त्यांच्या नजरेआडच पळतं. मार्तेलच्या शेतकऱ्यांनाही वासरू टाकल्यावर दिसत नव्हतं.

उपसा हा नुकसानीचा आणखी एक प्रकार. दक्षिण आफ्रिकेत जोहान्सबर्गच्या पश्चिमेला सोन्याच्या खाणींवर डोलोमाइट खडक आहे, चुनखडकाचाच भाऊ. खाणी कोरड्या ठेवायला त्यातलं पाणी उपसलं. पाणी होतं तोवर ते पोकळ्यांवरच्या मातीला आधार देत होतं. डिसेंबर 1962 मध्ये खडी फोडायचा अख्खा कारखाना माणसांसकट जमिनीत गेला. 29 माणसं. पुढची प्रकरणं वाचताना हा आकडा ध्यानात असू द्यावा.

शब्दांबद्दल थोडं. ‘लवणस्तंभ’ हा शब्द मला पटत नाही. त्यात लवण कुठलं? पण पाठ्यपुस्तकांनी तो रुळवला आहे, म्हणून ठेवला. ‘कार्स्ट’ला प्रतिशब्द शोधण्याच्या भानगडीत पडलो नाही. अडलो एकाच ठिकाणी. नदी किंवा ओढा जिथे जमिनीत शिरून नाहीसा होतो त्या तोंडाला बाल्कनमध्ये ‘पोनोर’ म्हणतात. मराठीत काय म्हणावं? आपल्याकडे चंद्रपूर आणि यवतमाळ जिल्ह्यांत, वणी, कोरपना, राजुऱ्याकडे पैनगंगेच्या अंगाने चुनखडक आहे, सिमेंटचे कारखाने त्यावरच उभे आहेत. मेघालयासारख्या गुहा तिथे नाहीत, पण विहीर खणताना खडकात पोकळी लागते. तिथे लोकांचा शब्द असेल, या आशेने गेलो. एका बांधावर एक म्हातारे गृहस्थ भेटले. त्यांच्या शेतात पावसाचं पाणी घळीतून उतरून एका बिळासारख्या तोंडात जातं. मी वही काढून विचारलं, ‘काका, याला तुमच्याकडे काय म्हणतात?’

त्यांनी तोंडाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं.

‘तेले काय मनतीन जी? पानी जाते तं जाते.’

मग जरा वेळाने, बिडी विझवून, ‘जाते कोठं, थे सांगा तुमी.’

पुस्तकभर आम्ही त्या तोंडाला ‘गिळ’ म्हटलं आहे.